गुणपत्रिकेच्या शेऱ्यापलीकडचे बीजगणित

दहावीच्या गणिताचा प्रश्न महाराष्ट्रात दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्याने गणित आणि विज्ञानासाठी एक वेगळी वाट सुचवली. या दोन विषयांत पस्तीस गुणांऐवजी किमान वीस गुण मिळाले तरी विद्यार्थ्याला अकरावीत जाता येईल, मात्र पुढे गणित किंवा विज्ञान घेता येणार नाही, असा शेरा त्याच्या गुणपत्रिकेवर असेल. त्यावर लगेच दोन तट पडले. केवळ गणितात अडकल्यामुळे ज्या मुलामुलींचे शिक्षण कायमचे थांबते त्यांना यामुळे दिलासा मिळेल, असे एका बाजूचे म्हणणे. दर्जा घसरेल, असे दुसऱ्या बाजूचे.

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र गृहीत धरली आहे. गणित ही एक चाळण आहे आणि प्रश्न फक्त तिची भोके किती मोठी ठेवायची एवढाच आहे. हे गृहीतक तपासून पाहायचे असेल तर एका मराठी गणितज्ञाचे आयुष्य आणि काम डोळ्यांपुढे ठेवणे उपयोगाचे ठरेल. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या बीजगणितातूनच त्याने विसाव्या शतकातील भूमितीचे काही अतिशय अवघड प्रश्न सोडवले, आणि हे बीजगणित शाळेचेच आहे, असे तो अखेरपर्यंत आवर्जून सांगत राहिला. त्याचे नाव श्रीराम शंकर अभ्यंकर.

ग्वाल्हेर ते हार्वर्ड

अभ्यंकरांचा जन्म २२ जुलै १९३० रोजी उज्जैनला झाला. वडील शंकर केशव अभ्यंकर ग्वाल्हेरला गणिताचे प्राध्यापक होते. त्यामुळे घरात मराठी, संस्कृत आणि गणित या तिन्हींचा वावर होता. मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९५१ साली पदवी घेऊन ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. तिथे त्यांना गुरू मिळाले ते ऑस्कर झारिस्की. बैजिक भूमितीचा पाया नव्याने घालणाऱ्या मोजक्या गणितज्ञांत झारिस्कींची गणना होते.

बैजिक भूमिती म्हणजे समीकरणांच्या आकृत्यांचा अभ्यास. दहावीचा विद्यार्थी दोन चलांतील रेषीय समीकरणाचा आलेख काढतो तेव्हा त्याला सरळ रेषा मिळते. समीकरणात वर्ग आला की वर्तुळ किंवा अन्वस्त मिळतो. घात आणखी वाढले की आकृत्या गुंतागुंतीच्या होत जातात. चलांच्या किमती वास्तव संख्यांपुरत्या न ठेवता संमिश्र संख्यांपर्यंत नेल्या, म्हणजे उणे एकच्या वर्गमुळालाही जागा दिली, की त्याच समीकरणातून संमिश्र भूमितीचे विश्व उघडते. जर्मन गणितज्ञ बर्नहार्ड रीमान यांनी एकोणिसाव्या शतकात हे दालन उघडले. पुढच्या शंभर वर्षांत तिथे कलनशास्त्राची सारी आयुधे परजली गेली.

झारिस्कींनी आपल्या विद्यार्थ्याला विचारलेला प्रश्न मात्र या ओळखीच्या विश्वाबाहेरचा होता.

छेद घेणारा रस्ता आणि उड्डाणपूल

प्रश्न असा होता. ‘य’चा वर्ग बरोबर ‘क्ष’चा घन अधिक ‘क्ष’चा वर्ग, या समीकरणाचा आलेख काढला तर एक वळसा घेऊन स्वतःलाच छेदणारी रेघ मिळते. जिथे ती स्वतःला छेदते त्या बिंदूपाशी ‘या वक्राची दिशा कोणती’ या प्रश्नाला एक उत्तर नसते. अशा बिंदूंना विचित्र बिंदू म्हणतात. काही वक्रांत छेद नसतो, पण सुईसारखे टोक असते. तोही विचित्र बिंदूच. भूमितीची नेहमीची साधने या ठिकाणी अडतात.

महामार्गावरचा उड्डाणपूल कागदी नकाशात पाहिला तर दोन रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात. प्रत्यक्षात एक वरून जातो, दुसरा खालून. टक्कर कुठेच नसते. छेद दिसतो तो नकाशाने उंची गाळून टाकल्यामुळे. वरच्या वक्राचेही तसेच करता येते. प्रत्येक बिंदूला ‘य भागिले क्ष’ एवढी उंची दिली की छेदबिंदूपाशी एक फाटा अधिक एक या उंचीवरून जातो आणि दुसरा उणे एक या उंचीवरून. गाठ सुटते आणि वक्र गुळगुळीत होतो. या क्रियेला विचित्रतेचे निराकरण म्हणतात. वक्रांसाठी ते फार पूर्वीपासून माहीत होते. पृष्ठभागांसाठी आणि त्याहून अधिक मितींच्या आकृत्यांसाठी ते नेहमीच करता येते का, हा खरा कूटप्रश्न होता. संमिश्र संख्यांच्या आणि तत्सम विश्वात झारिस्कींनी तो १९३९ मध्ये दोन मितींसाठी आणि १९४४ मध्ये तीन मितींसाठी सोडवला होता. त्यांचेच दुसरे विद्यार्थी, जपानचे हैसुके हिरोनाका, यांनी १९६४ मध्ये सर्व मितींसाठी तो निकालात काढला आणि १९७० साली त्यांना गणितातील सर्वोच्च मानले जाणारे फील्ड्स पदक मिळाले.

अभ्यंकरांच्या वाट्याला आला तो याच प्रश्नाचा आडवाटेचा भाग.

जिथे मुलांची चूक बरोबर ठरते

‘अ अधिक ब’ या बेरजेचा वर्ग करताना मधली ‘दोन अब’ ही राशी विसरणे ही आठवीतली सर्वांत नेहमीची चूक. शिक्षक तिथे लाल रेघ मारतात. पण एक अंकगणित असे आहे की त्यात हीच चूक बिनचूक उत्तर असते. फक्त सम आणि विषम एवढ्या दोनच संख्या असलेले जग कल्पनेत आणावे. सम म्हणजे शून्य, विषम म्हणजे एक. विषम अधिक विषम बरोबर सम, म्हणजे एक अधिक एक बरोबर शून्य. मग दोन ही संख्याच शून्य झाली, ‘दोन अब’ नाहीशी झाली आणि बेरजेचा वर्ग वर्गांच्या बेरजेइतका झाला. दोनऐवजी तीन, पाच, सात अशी कोणतीही मूळ संख्या घेऊन घड्याळासारखे फिरणारे अंकगणित असेच रचता येते. पाच तासांच्या घड्याळात तीन अधिक चार बरोबर दोन, आणि तिथे बेरजेचा पाचवा घात पाचव्या घातांच्या बेरजेइतकाच असतो.

या जगांत समीकरणे मांडता येतात आणि त्यांची भूमितीही करता येते. मात्र संमिश्र भूमितीत हातखंडा असलेले कलनशास्त्र तिथे बोथट होते. ‘क्ष’च्या पाचव्या घाताचे विकलन पाच गुणिले ‘क्ष’चा चौथा घात, पण पाच म्हणजेच शून्य असेल तर सारे उत्तरच शून्य. वक्र कुठे वळतो हे सांगणारे साधनच मुके होते. अशा विश्वात पृष्ठभागांच्या गाठी सोडवता येतात का, हे अभ्यंकरांना ठरवायचे होते.

त्यांनी आधी जुन्या वाटेने जाऊन पाहिले. जर्मन गणितज्ञ हाइनरिख युंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संमिश्र पृष्ठभागांसाठी वापरलेली पद्धत या नव्या जगात चालते का, हा पहिला प्रयत्न. ती चालत नाही, एवढेच त्यातून निष्पन्न झाले. अभ्यंकरांनी तसे दाखवणारी उदाहरणेच रचली. परीक्षेच्या भाषेत हा पेपर नापासाचा. संशोधनाच्या भाषेत मात्र जुनी पद्धत नेमकी कुठे आणि का मोडते हे कळणे, हाच शोध होता. त्यानंतर त्यांनी पूर्णपणे बीजगणिताची, हाताने करण्याची वाट धरली आणि १९५५ साली डॉक्टरेट मिळवली. त्यांचा पृष्ठभागांवरचा निकाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ते सव्वीस वर्षांचेही नव्हते किंवा नुकतेच झाले होते. पुढे दहा वर्षांनी, १९६६ च्या ग्रंथात, त्यांनी तीन मितींपर्यंत मजल मारली. दोन, तीन आणि पाच या मूळ संख्या तेवढ्या वगळाव्या लागल्या. ती उरलेली फट बुजवायला जगाला २००८-०९ उजाडावे लागले. ते काम फ्रान्समधील व्हँसाँ कोसार आणि ऑलिव्हिए पिल्ताँ यांनी केले. चार आणि त्याहून अधिक मितींसाठी सर्वमान्य उत्तर अजूनही नाही.

नापास ठरलेल्या त्या पहिल्या प्रयत्नातून आणखी एक रोप उगवले. संमिश्र संख्यांच्या संपूर्ण प्रतलाला एक छिद्रही नसते, त्यामुळे त्यावर फाटा न फुटता पसरणारे दुसरे सलग आवरण घालता येत नाही. अभ्यंकरांच्या लक्षात आले की घड्याळी अंकगणितातल्या साध्या सरळ रेषेवर मात्र अशी आवरणे अगणित असतात. त्यांच्या सममिती कोणकोणत्या असू शकतील याविषयी त्यांनी १९५७ साली एक अटकळ मांडली. ती सिद्ध व्हायला जवळजवळ चार दशके लागली. १९९४ मध्ये फ्रान्सचे मिशेल रेनो यांनी रेषेपुरती आणि अमेरिकेचे डेव्हिड हारबेटर यांनी सर्व वक्रांसाठी ती खरी ठरवली. त्यासाठी दोघांना १९९५ चे कोल पारितोषिक मिळाले. ‘अभ्यंकरांची अटकळ’ हे नाव आज जगभरच्या पाठ्यपुस्तकांत आहे.

श्रीधराचार्यांची युक्ती

अभ्यंकर १९६३ पासून अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात होते आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. त्या काळात बैजिक भूमितीची भाषा झपाट्याने अमूर्त होत होती. अभ्यंकर त्या प्रवाहाविरुद्ध उभे राहिले. बीजगणिताचे त्यांनी शालेय, महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय असे तीन थर सांगितले आणि त्यांतले सर्वांत बलवान शालेय, असे ठामपणे मांडले. हा हट्ट नव्हता. त्यामागे पुरावा होता.

वर्गसमीकरण सोडवताना पूर्ण वर्ग करण्याची रीत दहावीत शिकवली जाते. ती श्रीधराचार्यांची, भास्कराचार्यांनी तिचे श्रेय त्यांना दिले आहे. वर्गाऐवजी कोणताही घात ‘पूर्ण’ करण्याची व्यापक रीत अभ्यंकरांनी आणि त्यांचे सहकारी त्झुओंग-त्सियेंग मोह यांनी वापरली. बहुपदींनी प्रतलात वाकवून ठेवलेली रेषा बहुपदींनीच पुन्हा सरळ करता येते, हे तिच्या आधारे त्यांनी १९७५ साली सिद्ध केले. हाच निकाल जपानचे मासाकाझू सुझुकी यांनी त्याच सुमारास संमिश्र विश्लेषणाच्या भारी साधनांनी मिळवला होता. एकाच डोंगरावर दोन वाटांनी चढाई झाली, आणि त्यातल्या एका वाटेची पहिली पायरी दहावीच्या पुस्तकात आहे.

जेकोबियन अटकळ नावाचा प्रश्नही असाच. ओट-हाइनरिख केलर यांनी तो १९३९ मध्ये मांडला. दोन चलांतील दोन बहुपदी घ्यायच्या, त्यांच्या विकलनांचा निश्चयक काढायचा. तो शून्येतर स्थिरांक आला तर मूळ चले त्या बहुपदींतून बहुपदींच्याच रूपात परत मिळवता येतात का? बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न कळू शकतो. अभ्यंकरांनी व्याख्यानांतून, लेखांतून तो पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांपुढे ठेवला. २ नोव्हेंबर २०१२ रोजी, वयाच्या ८३व्या वर्षी, घरी गणितात गढलेले असतानाच त्यांचे निधन झाले. तेव्हाही तो सुटलेला नव्हता.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न कोल्हापूरच्या कोणत्याही चहाच्या गाड्यावर विचारला जाईल, आणि उत्तरही त्याच गाड्यावर चिकटवलेले आहे. पैसे देण्यासाठीचा क्यूआर कोड थोडा फाटला, त्यावर चहाचे डाग पडले, तरी मोबाइल तो वाचतो. कारण त्यातली माहिती एक अधिक एक बरोबर शून्य असलेल्या, २५६ संख्यांच्या अंकगणितात रचलेली असते. सर्वांत मजबूत पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी मूळ मजकूर परत मिळतो. अभ्यंकरांचे प्रमेय त्या कोडमध्ये बसलेले नाही, हेही सांगायला हवे. पण ज्या जगातली भूमिती त्यांनी उभी केली तेच हे जग. त्यांचे विद्यार्थी सुधीर घोरपडे यांनी मुंबईच्या आयआयटीत अशाच सांत संख्याविश्वांवरील संकेतांचा अभ्यास पुढे नेला. खुद्द अभ्यंकर १९८०च्या दशकात संगणकशास्त्रज्ञ चंद्रजित बजाज यांच्यासोबत संगणकावर वक्र आणि पृष्ठभाग रेखाटण्याच्या रीतींवर काम करत होते.

कोल्हापूरची बाजू

कोल्हापूरसाठी ही गोष्ट परकी नाही. सापेक्षतावादाच्या भूमितीत भारताचे नाव करणारे विष्णू वासुदेव नारळीकर यांचा जन्म १९०८ साली कोल्हापुरात झाला. संख्याशास्त्रज्ञ वसंत शंकर हुजूरबाजार १९१९ साली, जयंत नारळीकर १९३८ साली इथेच जन्मले. तिघेही केंब्रिजला गेले आणि तिघांनीही मायदेशी संस्था उभारल्या वा घडवल्या, त्या बनारसला आणि पुण्याला. २० मे २०२५ रोजी जयंत नारळीकर गेले तेव्हा शहराने त्यांना आपला माणूस म्हणून आठवले, ते योग्यच होते. पण राजाराम महाविद्यालय १८८० पासून आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ पासून असलेल्या या शहरात पुढचा नारळीकर कुठे बसून गणित करणार, हा प्रश्न श्रद्धांजलीत विचारला गेला नाही.

अभ्यंकरांनी स्वतःपुरते त्याचे उत्तर शोधले होते. नोकरी अमेरिकेत असली तरी १९७६ साली त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताला वाहिलेली संस्था काढली. तिथे संशोधक आणि शाळकरी मुले एकाच छपराखाली गणित करू लागली. गणित ऑलिम्पियाडची तयारीही तिथे होत आली आहे. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या संघाने चार सुवर्णपदकांसह जगात चौथा क्रमांक मिळवला. इतकी गुणी मुले पुढे शुद्ध गणिताकडे किती वळतात, हे मात्र अशा संस्था किती आहेत आणि कुठे आहेत यावर ठरते. देशाचा संशोधनावरचा खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास अडकला आहे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी २०२३ च्या कायद्याच्या वेळी पाच वर्षांत ५० हजार कोटी रुपयांचा आकडा सांगितला गेला, आणि त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून अपेक्षित आहे. उद्योगाचा पैसा स्वाभाविकपणे लवकर फळ देणाऱ्या कामाकडे जातो. ज्या अटकळीला सिद्ध व्हायला ३७ वर्षे लागतात तिच्यासाठी तो सहसा थांबत नाही.

अशा कामासाठी समाजाने पैसा घालण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याला दिलेल्या दानाची ती नोंद. जमिनीबरोबर बाजारातल्या मालाचा आणि तेलघाण्यांचा ठरावीक हिस्सा मठाला लावून दिला होता. तेलीही गणिताचा आश्रयदाता होता.

आता पुन्हा गुणपत्रिकेकडे. गणितात अडखळलेल्या मुलीला चित्रकला, भाषा किंवा वाणिज्य शिकण्यापासून रोखण्याचे कारण नाही; तेवढ्यापुरती वीस गुणांची सवलत न्याय्य आहे. खोट आहे ती शेऱ्यात. पंधराव्या वर्षीच्या एका परीक्षेवरून ‘हे दार तुझ्यासाठी बंद’ असे कागदावर कायमचे लिहून द्यायचे, आणि त्या मुलाला गणित नीट भेटले होते का याची चौकशी करायची नाही, हा सौदा शाळेच्या सोयीचा आहे. शेरा द्यायचाच असेल तर दोन-तीन वर्षांत पुन्हा प्रयत्न करून तो पुसून टाकण्याची तरतूद त्याच ओळीत हवी. आणि नापास होणाऱ्यांची संख्या कमी करायची असेल तर ते काम दहावीत नव्हे, ‘दोन अब’ पहिल्यांदा विसरला जातो त्या वर्गात करावे लागेल. तिथल्या शिक्षकाला लाल रेघ मारण्याबरोबरच, ती राशी का येते आणि कोणत्या जगात येत नाही, हे सांगायला वेळ आणि तयारी दोन्ही लागेल.

कोल्हापूरला याचा एक नमुना घरचाच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, गावोगावच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली आणि कुस्तीलाही राजाश्रय दिला. त्यांच्या काळात या शहरात तालमी बहरल्या. तालमीत येणारा प्रत्येक पोरगा हिंदकेसरी होत नाही आणि तशी अटही नसते. रोज पहाटे माती अंगाला लागते, वस्ताद समोर असतो, हरलेल्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा आखाड्यात उतरता येते. गणितासाठी अशी जागा उभारायला फळा, खडू, थोडी पुस्तके आणि आठवड्यातून दोनदा येणारे दोन-चार प्राध्यापक एवढे पुरते. विद्यापीठ आहे, जुनी महाविद्यालये आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. आखाडा तेवढा आखायचा राहिला आहे.